मेंढरं पाळणारा खासदार : जोझे बोवे आणि लार्झाकचं माळरान

रानवारा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. मी तुलूझला राहतो, गेल्या महिन्यात गाडी काढून लार्झाकला जाऊन आलो. फ्रान्सच्या दक्षिणेला आव्हेरों जिल्ह्यात हे पठार आहे, चुनखडीचं, उघडंबोडकं, वारा असा की टोपी राहत नाही. पाऊस पडतो पण सगळं पाणी खडकात मुरून जातं, ओढा नाही नदी नाही. मेंढरांना पाणी पाजायला जुन्या लोकांनी दगडी फरसबंदीची गोल तळी बांधलीत, ‘लावोन्य’ म्हणतात, पावसाचं पाणी त्यात साठतं. मला तर सारखं माण-खटावचा माळच आठवत होता.

तर इथला जोझे बोवे. आपल्याकडे ज्यांना हे नाव माहीत आहे त्यांना ‘मॅकडोनाल्ड्स तोडणारा मिशीवाला’ एवढंच माहीत आहे. १२ ऑगस्ट १९९९, मियो गावात बांधकाम चालू असलेलं दुकान त्याने आणि साथीदारांनी उतरवलं, तुरुंगात गेला, बेड्या घातलेले हात वर केलेला फोटो जगभर छापून आला. पुढे दहा वर्षं युरोपियन संसदेत खासदार होता, २००९ ते २०१९.

तिथे फिरून आल्यावर माझं मत पक्कं झालंय की त्याचं खरं काम ते नाहीच. खरं काम त्याच्या आधीचं आहे, आणि ते त्याच्या एकट्याचंही नाही. १९७१ साली संरक्षणमंत्री मिशेल देब्रे यांनी जाहीर केलं की इथला लष्करी तळ ३ हजार हेक्टरवरून १७ हजार हेक्टर करायचा. तिथल्या १०३ शेतकऱ्यांनी १९७२ च्या मार्चमध्ये शपथ घेतली की जमीन विकायची नाही. आणि दहा वर्षं नाही विकली! १९८१ ला मित्तराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि योजना रद्द झाली. बोवे तिथे १९७६ ला राहायला आला, लष्कराने घेऊन ठेवलेल्या मोंत्रदों नावाच्या ओसाड वस्तीवर बायकोसकट घुसला, वीज नाही पाणी नाही, आणि मेंढरं पाळायला लागला.

तुम्हाला काय वाटतं? असा माणूस संसदेत गेल्यावर खेड्याला खरंच काही मिळतं का?

माणदेशी_गडी
दादा धागा वाचून अंगावर काटा आला. आमची चार पिढ्यांची मेंढरं. दिवाळी झाली की वाडा निघायचा कोकणाकडं, घोड्यावर बिऱ्हाड, डालग्यात कोकरं, रात्री वाघर (जाळीचं कुंपण) लावून शेतात मेंढरं बसवायची आणि शेतवाला बदल्यात धान्य द्यायचा. माझा धाकटा चुलता अजून जातो.

एक विचारायचंय, ती लोकं मेंढीचं दूध काढतात म्हणं. आमच्यात मेंढीचं दूध कोकराचं. माणसानं चहापुरतं काढलं तर काढलं. जात कंची हाय तिथली आणि दूध किती देती?

रानवारा
@माणदेशी_गडी, लाकोन जात. तोंड पांढरं, अंगावर लोकर कमी, पोट आणि पाय उघडेच. हंगामात एक मेंढी अडीचशे-तीनशे लिटरपर्यंत देते. कोकरू महिनाभर पितं, मग वेगळं करतात आणि दूध रोकफोर चीजला जातं. हे चीज कच्च्या दुधाचंच, रोकफोर गावाच्या डोंगरातल्या नैसर्गिक गुहांत पिकवायचं, खडकातल्या फटींमधून गार ओलसर हवा येते त्यामुळे ती हिरवी-निळी बुरशी धरते, कमीत कमी ९० दिवस. १९२५ पासून कायद्याने नाव राखीव आहे, दुसरीकडे कुठे बनवून रोकफोर म्हणता येत नाही. म्हणजे आपल्या जीआयच्या (भौगोलिक मानांकनाच्या) कितीतरी आधी.

माणदेशी_गडी
तीनशे लिटर!! आमच्या माडग्याळी मेंढीचं वजन बघून लोक तोंडात बोट घालतात पण दुधात ही बाई पुढं गेली.

स्पष्ट_बोलतो
सगळं ठीक आहे पण दुसऱ्याची मालमत्ता तोडणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा झाली हे योग्यच झालं. माझं स्वतःचं छोटं दुकान आहे, कुणी ‘जागतिकीकरणाचा निषेध’ म्हणून माझं शटर वाकवलं तर मी काय करायचं? आपल्याकडे दर आंदोलनात एसटीच्या काचा फुटतात, त्यांनाही आपण हीरो म्हणणार का?

सह्याद्रीची_लेक
@स्पष्ट_बोलतो, प्रश्न रास्त आहे, पण मियोला काय झालं ते नीट बघा. दुकान चालू नव्हतं, आत गिऱ्हाईक नाही कामगार नाही. दिवसाढवळ्या, पोलिसांना आधी सांगून, बायकापोरांसकट लोक गेले, छपराची कौलं, दारं, फळ्या उतरवल्या, ट्रॅक्टरवर लादून वाजतगाजत सरकारी कचेरीपुढे नेऊन ठेवल्या. कुणाला ओरखडा नाही. आणि मुख्य म्हणजे तोंड लपवून पळाला नाही. २००२ ला तीन महिन्यांची शिक्षा भोगायला गेला तो स्वतः ट्रॅक्टर चालवत तुरुंगाच्या दारापर्यंत गेला. एसटी फोडून गल्लीत पळणाऱ्यात आणि यात मला तरी फरक दिसतो.

स्पष्ट_बोलतो
फरक आहे, मान्य. तरी मालकाला विचारून तोडलं नाही ना. माझं मत तेच राहील.

चाकणवाला_काका
मी जरा वेगळं बोलतो, चालवून घ्या. १९८० ला कांद्याच्या आंदोलनात पुणे-नाशिक रस्त्यावर बसलेला माणूस आहे मी. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणून घसा फुटेपर्यंत ओरडलोय.

बोवेंची कथा वाचली की मला आमच्या शेतकरी संघटनेचे शरद जोशी साहेब आठवतात. दोघंही जन्माने शेतकरी नाहीत. बोवेचे आईवडील शेतीशास्त्रातले संशोधक, लहानपणी काही काळ अमेरिकेत बर्कलीला होता, इंग्रजी फाडफाड बोलतो. जोशी साहेब बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत मोठ्या पगारावर, ते सोडून आले आणि आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. दोघं तुरुंगात गेले, दोघं खासदार झाले, साहेब २००४ ते २०१० राज्यसभेत. पण विचार बघा, एकदम उलटे! साहेब म्हणायचे बाजार खुला करा, सरकारने आमच्या पायातल्या बेड्या काढा, जागतिक व्यापार खुला करायच्या डंकेल प्रस्तावाला त्यांनी उघड पाठिंबा दिला, नवीन बियाणं शेतकऱ्याला मिळालंच पाहिजे म्हणाले. बोवे म्हणतो जागतिक व्यापार संघटना शेतीतून बाहेर काढा आणि जनुक बदललेलं पीक उपटून टाका.

आता माझा प्रश्न. मियोचं भांडण कशावरून? युरोपने अमेरिकेचं हार्मोनवालं गोमांस अडवलं म्हणून अमेरिकेने रोकफोरवर १०० टक्के ड्यूटी लावली. म्हणजे मेंढपाळाचं नुकसान कुणी केलं? बंद बाजाराने! दोन सरकारांनी दारं लावली आणि मधे बोट चेमटलं याचं. मग त्याने खुला व्यापार मागायला हवा होता की नाही?

सह्याद्रीची_लेक
काका, तुमच्या या प्रश्नाला पटकन उत्तर नाही, खरंच. दोन दिवस विचार केला.

मला असं वाटतं की त्याचं म्हणणं ‘विकू नका’ असं नव्हतंच. रोकफोर जगभर विकलंच जात होतं. त्याचं म्हणणं, आम्ही काय खायचं हे आम्ही ठरवू, आणि आम्ही नाही म्हटलं म्हणून ज्याचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नाही अशा मेंढपाळाला मारायचं, आणि त्याला जागतिक व्यापार संघटनेची परवानगी, हे कुठलं? जोशी साहेबांच्या शेतकऱ्याला आपलंच सरकार निर्यातबंदी घालून मारत होतं. त्यामुळे दोघांना दोन वेगळे मारेकरी दिसले. साहेब फ्रान्समधे जन्मले असते तर काय म्हणाले असते ते मला सांगता येणार नाही. पण घामाचे दाम दोघांनाही हवे होते.

आणि एक, त्याची सुटका व्हावी म्हणून जामिनाला अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनीपण पैसे पाठवले होते. म्हणजे भांडण अमेरिकेच्या शेतकऱ्याशी नव्हतं.

चाकणवाला_काका
ताई, दोन मारेकरी हे पटलं. बियाण्याचं मात्र पटत नाही. शेतातलं उभं पीक उपटणं माझ्याच्याने बघवणार नाही, कुणाचंही असो. विदर्भात बोंडअळीने हातचा कापूस गेलेली घरं मी पाहिलीत.

वर्धेकर
मंडळी, धाग्यात एक गोष्ट राहून चाललीय आणि ती आमच्या गावची आहे म्हणून लिहितोच.

त्या १०३ शेतकऱ्यांनी शपथ घेतली तेव्हा तिथे एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा उपासाला बसला होता. लान्झा देल वास्तो. हा इटालियन माणूस १९३६ च्या शेवटी युरोपातून भारतात यायला निघाला आणि वर्ध्याला बापूंजवळ तीन महिने राहिला. सूत कातायला शिकला. बापूंनी त्याला नाव दिलं शांतिदास. परत जाऊन त्याने फ्रान्समधे आश्रमासारख्या वस्त्या काढल्या, हातमाग, शेती, प्रार्थना सगळं. १९७२ मधे लार्झाकवर जाऊन त्याने १५ दिवस उपास केला. ते शेतकरी तोपर्यंत साधे कॅथलिक, शिस्तीतले, सरकारला मानणारे लोक होते, आंदोलन म्हणजे काय माहीत नाही. बंदूक आणि दगड हातात घ्यायचा नाही हे तिथे पक्कं झालं ते त्या उपासात.

माझे आजोबा सेवाग्रामला येजा करायचे, ते घरी म्हणायचे इथून काय काय कुठे गेलं याचा हिशोब कुणी ठेवला नाही. मला हे लार्झाकचं कळलं तेव्हा आजोबा नव्हते. त्यांना सांगायला फार आवडलं असतं.

माणदेशी_गडी
वर्धेकर काका __/\__

गोरेगावकरीण
वर्धेकर, किती सुंदर लिहिलंत.

माझी छोटीशी भर. जानेवारी २००४ ला गोरेगावला नेस्कोच्या मैदानात वर्ल्ड सोशल फोरम भरला होता तेव्हा मी कॉलेजात होते आणि आम्ही मैत्रिणी फक्त कुतूहलाने गेलो होतो. धूळ इतकी की संध्याकाळपर्यंत केस पिवळे. त्या गर्दीत बोवे आला होता. आम्हाला तो कोण हे माहीत नव्हतं, कुणीतरी सांगितलं हा फ्रान्सचा मेंढपाळ, मला खरंच वाटेना की मेंढपाळाला ऐकायला इतके लोक येतात. आमच्या सोसायटीच्या मागे दरवर्षी धनगरांचा तळ पडायचा, त्यांच्याशी आम्ही कधी दोन शब्द बोललो नव्हतो. त्या वर्षी मी पहिल्यांदा जाऊन बोलले. त्या आजींनी मला मुठीएवढी लोकर दिली होती, उशीत घालायला.

तुंगभद्रा
कर्नाटकाकडून एक नोंद. १९९९ च्या मे-जूनमधे आमच्या रयत संघाचे (इथली शेतकरी संघटना) नेते प्रा. नंजुंडस्वामी भारतातले काहीशे शेतकरी घेऊन युरोपात फिरले होते, ‘आंतरखंडीय कारवां’. मॉन्पेलियेच्या संशोधन केंद्रातला जनुक बदललेला भात उपटला तेव्हा बोवेबरोबर आपली ही मंडळीही होती. मियोचं प्रकरण त्याच्यानंतर दोन महिन्यांनी. रयत संघाने बंगळुरात केएफसीवर मोर्चा नेला तो तर १९९६ ला. तेव्हा कोणी कोणाकडून शिकलं हे सांगणं अवघड आहे.

आकडेमोड
मूळ प्रश्न होता की संसदेत जाऊन खेड्याला काय मिळालं. त्यावर कुणीच बोललं नाही म्हणून:

२००७ ला तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. मतं ४ लाख ८३ हजार, टक्केवारी १.३२. अख्ख्या देशाला चेहरा माहीत असून! लोक सभेला येतात, फोटो काढतात, मत देत नाहीत, हे आपल्याकडच्या शेतकरी नेत्यांना नवीन नाही. मग २००९ ला पर्यावरणवाद्यांच्या यादीतून युरोपियन संसदेत गेला आणि शेती समितीचा उपाध्यक्ष झाला. तिथे त्याचं नाव असलेला एक अहवाल २०१० ला मंजूर झाला, विषय असा की शेतकऱ्याला दर कमी मिळतो आणि गिऱ्हाईकाला महाग पडतं, मधले पैसे कुठे जातात, मोठ्या सुपरमार्केट साखळ्या पुरवठादाराला कशा दाबतात. कायदा नव्हे, अहवाल. पण त्याच विषयावर २०१९ ला युरोपने निर्देश काढला की नाशिवंत मालाचे पैसे ३० दिवसांत द्यायचेच. श्रेय एकट्याचं नाही, पण विषय लावून धरणाऱ्यांत तो होता.

भाजीवाला_इंजिनियर
३० दिवस!! मी डाळिंब दिलेल्या एका व्यापाऱ्याने सात महिने लावले आणि शेवटी दहा टक्के कापून दिले. असा नियम इथे कडक लागला तर मी त्या बोवेच्या फोटोला हार घालीन.

रानवारा
@आकडेमोड, धन्यवाद, हेच हवं होतं. अजून एक, २०१० मधे लार्झाकजवळच्या नांत भागात शेल गॅस शोधायचा परवाना सरकारने देऊन टाकला होता, गावकऱ्यांना पत्ताच नाही. बोवे खासदार होता, त्याने आणि गावोगावच्या समित्यांनी रान उठवलं आणि जुलै २०११ ला फ्रान्सने खडक फोडून गॅस काढण्यावर कायद्याने बंदी घातली. मला वाटतं खासदारकीचा उपयोग तिथे दिसला, आवाज पॅरिसला लगेच पोचला.

माणदेशी_गडी
लांडग्याचं काय म्हणतो तो? पर्यावरणवाल्या पक्षात गेला म्हणून विचारतो.

रानवारा
तिथेच तर ठिणग्या उडाल्या. तो उघड म्हणाला की मोकळ्यावर चरणारी मेंढरं आणि लांडगा एकत्र नांदू शकत नाहीत, कळपावर आला तर गोळी घालावी. त्याच्याच पक्षातले लोक खवळले. पण तो मागे हटला नाही.

माणदेशी_गडी
आमचा आजा लांडग्याला शिव्या द्यायचा, कुत्री सोडायचा, रात्रभर जागायचा. पण मारा म्हणायचा न्हाई. एखादं कोकरू गेलं तर म्हणायचा त्याचा वाटा गेला, त्यालाबी लेकरं हायत. आता कोकरू गेलं तर आठ-दहा हजाराचा फटका, तरी चुलता आज बी तेच म्हणतो. ह्या बाबतीत मी बोवे सायबाच्या बाजूनं न्हाई. तिथं लांडगा मधे बरीच वर्षं नव्हता आणि परत आला असं असंल, सवय मोडली असंल. आमची मोडलेली न्हाई.

सह्याद्रीची_लेक
दादा, हा प्रतिसाद जपून ठेवतेय.

मुळाकाठ
बरेच दिवस वाचनमात्र होतो. मी राहुरी भागातला. आमच्याकडे लष्कराच्या सरावासाठी आणखी जमीन जाणार ही चर्चा राहुरी-पारनेर-नगरच्या गावांत वर्षानुवर्षं आहे, मधेच शांत होते मधेच उठते. ज्या घरावर अशी टांगती तलवार असते तिथे विहीर बांधायची का, मुलीचं लग्न कुठे ठरवायचं, बागेत डाळिंब लावायचं की ज्वारीच पेरायची, सगळं अडतं. म्हणून मला लार्झाकच्या लोकांनी दहा वर्षं काढली कशी हे समजून घ्यायचंय. निर्णय लागल्यावर पेढे वाटले असतील, ते सोडा. मधल्या वर्षांत काय केलं?

रानवारा
@मुळाकाठ, तुमचा प्रश्न वाचून परत सगळं काढून बसलो, म्हणून उशीर झाला.

एक तर त्यांनी थांबून राहणं नाकारलं. बांधकामाला परवानगी नव्हती तेव्हा ला ब्लाक्येर वस्तीवर भलामोठा दगडी गोठा बांधला, मेंढरांसाठी. पैसे कुठून? देशभरातल्या लोकांनी आपल्या आयकरातले ३ टक्के, म्हणजे लष्कराच्या वाट्याचे म्हणून, सरकारला भरायचे नाकारून इकडे पाठवले. मी तो गोठा पाहिला, आजही उभा आहे, कमानी बघून देऊळ वाटतं. दुसरं, माळावरच्या जमिनीचे छोटे छोटे तुकडे हजारो लोकांनी विकत घेतले, कारण एका मालकाला नोटीस बजावणं सोपं, हजारोंना पोचवणं कठीण. तिसरं, लोकांच्या डोळ्यांसमोरून जायचं नाही. ऑक्टोबर १९७२ ला ६० मेंढरं गाडीत घालून पॅरिसला नेली आणि आयफेल टॉवरखाली सोडली. नंतर ट्रॅक्टर घेऊन गेले. १९७८ ला सातशे किलोमीटर चालत गेले. १९७६ ला काही जण, बोवे त्यात होता, तळावर घुसले आणि जमीनखरेदीची कागदपत्रं काढली, त्यात त्याला पहिल्यांदा तुरुंग.

आणि जिंकल्यावर काय केलं हे तर मला सगळ्यात मोठं वाटतं. लष्कराने घेतलेली जवळजवळ ६,३०० हेक्टर जमीन सरकारकडेच राहिली, पण १९८५ मधे शेतकऱ्यांनी स्वतःची एक संस्था काढून ती लांब मुदतीच्या भाड्याने घेतली. आज ती मुदत २०८३ पर्यंत आहे. जो कसतो त्याला संस्था जमीन देते, निवृत्त झाला की जमीन संस्थेकडे परत, मग नव्या जोडप्याला. कुणी विकू शकत नाही, कुणी बंगला बांधायला घेऊ शकत नाही. मी गेलो तेव्हा भेटलेली तिशीतली बाई शहरात वाढलेली, वडिलांची एक गुंठा जमीन नाही, आणि ती मेंढरं पाळतेय. मला म्हणाली, जमीन विकत घ्यायची असती तर मी आयुष्यात इथे आले नसते.

मुळाकाठ
भाड्याची जमीन पण पिढीजात नाही, कसणाऱ्यात फिरती. हे ग्रामसभेत वाचून दाखवतो. गोठ्याचा फोटो टाकता का?

चाकणवाला_काका
जमीन बाजारातून बाहेर काढली म्हणजे. साहेब असते तर माझ्याशी रात्रभर वाद घातला असता यावर. पण ती तिशीतली मुलगी माझ्या डोक्यातून जात नाहीये. आमच्या चाकणला आता कांद्याच्या रानात कारखाने आहेत, माझ्या नातवाला वावर विकत घ्यायचं म्हटलं तर गुंठ्याचा भाव ऐकूनच उठावं लागेल.

रानवारा
फोटो टाकलेत. गोठ्याचे चार, लावोन्यचे दोन, आणि माणदेशी दादांसाठी लाकोन मेंढीचा एक जवळून.

माणदेशी_गडी
दादा, फोटो आमच्या आबांना दाखवले. ७८ वय, दिसायला कमी येतं तरी मोबाईल डोळ्यापाशी धरून बघत होते. मेंढी बघून म्हणाले पाय चांगलं हायत, माळावरची हाय. मग आयफेल टॉवरची ती गोष्ट वाचून दाखवली, ६० मेंढरं गाडीतनं नेली म्हणून. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, सातशे किलोमीटर गाडीत, त्यात गर्दी, बुजली असतील बिचारी, त्यांना तिथं पाणी कुठं पाजलं?

मला सांगता आलं न्हाई. तुम्ही पुन्हा तिकडं गेलात तर एखाद्या जुन्या माणसाला विचाराल का?

रानवारा
विचारतो. मे महिन्यात जाणारच आहे.